मदत हवी आहे: सोसायटीतल्या मुलांसाठी रेतीतून सोनं धुण्याचा खेळ (नागपूर)

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (मनीषनगरकडे) डिसेंबरच्या सुट्टीत मुलांसाठी दोन सकाळी काहीतरी करायचं ठरतंय. चित्रकला, ओरिगामी, पाककला या सगळ्याला पोरं विटली आहेत. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. ती मध्ये कोलोमाला जाऊन आली. २४ जानेवारी १८४८ ला तिथे जेम्स मार्शलला लाकूडगिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले आणि मग अर्धं जग तिकडे धावलं. आता तिथे सरकारी पार्क आहे. लांबट हौदापाशी मुलांना उभं करून थाळीत रेती धुवून सोनं कसं काढायचं ते शिकवतात. तिचा व्हिडिओ बघितल्यापासून माझी लेक आणि तिचं टोळकं हटूनच बसलंय.

मला पडलेले प्रश्न असे. मुलांना कन्हान किंवा पेंच नदीवर नेता येईल का? नवरा म्हणतो, सरळ कन्हानला जाऊ, सहल पण होईल. इथेच करायचं तर रेतीत सोनं म्हणून घालायचं काय? थाळी कुठली? मुलं सहा ते बारा वर्षांची, वीसेक असतील, तर मोठी माणसं किती लागतील? आणि सासूबाईंचं म्हणणं वेगळंच आहे: "अमेरिकेचं कशाला, आपल्या इतवारीत सराफ्यातल्या नाल्या धुवून सोनं काढणारे लोक आहेत, त्यांनाच बोलवा." कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तर्री_पोहा:
काय राजेहो, कन्हानच्या रेतीत सोनं असतं तर मी इथं ऑफिसात कायले बसलो असतो? रेतीचे ट्रक भरभरून जाऊन राहिले, त्यात असतं तर आतापर्यंत कोणी सोडलं असतं का? आणि नाग नदीचं तर नावच काढू नका बाप्पा. पोट्ट्यायले तिथं दुसरंच काही सापडंल.

दगडधोंडे:
तर्रीभाऊ, अगदीच हसण्यावारी नेऊ नका. नागपूर-भंडारा सीमेकडे परसोडी, किटाडी, मरुपार या भागात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोध घेतलेला आहे. साकोली पट्ट्यातले जुने खडक आहेत ते. पण ते खडकातलं सोनं, घमेलं घेऊन गेलो आणि काढलं असं नव्हे.

ताई, नदीचा विचार सोडा, त्याला कारणं दोन. एक कायद्याचं. सोनं हे प्रमुख खनिज. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय त्याचा शोधसुद्धा घेता येत नाही, आणि रेतीचा विषय आपल्याकडे किती तापलेला असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोलोमाला चालतं कारण तिथे नदीचा ठरावीक काठ त्यासाठी राखलेला आहे, आणि तिथेही नुसते हात आणि थाळी, बाकी अवजार नाही. दुसरं कारण सुरक्षिततेचं. रेती उपसलेल्या पात्रात मध्येच डोह असतात, वरून पाणी गुडघाभर दिसतं. वीस पोरं घेऊन तिथे जायचं नाही. विषय संपला.

खेळ सोसायटीतच करा, उत्तम होतो. त्यामागचं तत्त्व मुलांना आधी सांगू नका, हाताने कळू द्या. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, साधी रेती २.६५ पट. पाण्यात बुडवल्यावर पाणी दोघांनाही उचलून धरतं, त्यामुळे फरक आणखी वाढतो: तेवढ्याच आकाराचा सोन्याचा कण रेतीच्या कणापेक्षा अकरा पट जड भरतो. म्हणून थाळी हलवली की सोनं तळाला जातं आणि रेती वर येते. बाकी सगळी हातचलाखी.

कृती: थाळी रेतीने अर्ध्याच्या थोडी वर भरायची, पूर्ण पाण्याखाली न्यायची, हाताने ढवळून मातीचे गोळे फोडायचे आणि मोठे खडे वेचून टाकायचे. मग पाण्याखालीच डावी-उजवीकडे जोरात हलवायची. मुलं हीच पायरी गाळतात आणि थेट गोल गोल फिरवायला लागतात, मग सोनंही रेतीबरोबर जातं. हलवून झालं की थाळी पुढे जराशी कलती करून पाण्यात बुडवायची आणि बाहेर ओढायची, म्हणजे वरचा थर पाण्याबरोबर निघून जातो. पुन्हा हलवा, पुन्हा धुवा. शेवटी चमचाभर काळी रेती उरेल. त्यातले बरेच कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे असतात. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवला की ते पिशवीला चिकटतात, पिशवी उलटी केली की चुंबक स्वच्छ. उघडा चुंबक घातलात तर कण काढत बसाल.

रेती नदीचीच घ्या, बांधकामावाल्याकडून दोन पोती, पण चाळून आणि दोन-तीन पाण्यांनी धुवून. दगड दळून केलेली कृत्रिम रेती नको, तिचे कण धारदार असतात आणि भुकटी फार.

संत्रानगरी:
वा, इतकं सविस्तर! आभार. घरात सोन्याच्या वर्खाची डबी आहे, ते तुकडे रेतीत मिसळले तर? खरं सोनं सापडल्याचा आनंद तरी मिळेल.

दगडधोंडे:
वर्ख बुडणार नाही. इतका पातळ असतो की पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो आणि रेतीबरोबर आधीच वाहून जातो. अगदी बारीक सोन्याचंही हेच होतं, त्यासाठी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकतात. आणि स्वयंपाकाची परात आणणार असाल तर आधी घासून तेलाचा अंश काढा. तेलकट तळावर बारीक कण चिकटून तरंगतात. लोखंडी थाळी वापरणारे ती जाळावर धरून तेल उडवतात, ते यासाठीच.

बालवाडीताई:
मी शिबिरं घेते म्हणून लिहिते. "सोनं" म्हणून काय घालायचं यात खरी गोम आहे. मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं कुणी सुचवली तर अजिबात ऐकू नका. शिसं मुलांच्या हाताला लागायलाच नको. लेथवरचा पितळेचा कीसही नको, टोचतो आणि तेलकट असतो. आम्ही बारीक पितळी मणी वापरतो, माळा ओवायचे असतात ते, आणि त्याच मापाचे पिवळे काचेचे मणी. दोन्ही रेतीत मिसळायचे. काच जवळपास रेतीएवढीच जड, पितळ मात्र पाण्याच्या आठ पटींहून जास्त जड. मुलं धुवायला लागतात आणि बघता बघता काचेचे मणी बाहेर जातात, पितळेचे राहतात. मागच्या शिबिरात एक मुलगी हात थांबवून थाळीच्या कडेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, पिवळे दोन्ही होते, मग हेच का पळाले?" मी उत्तर दिलं नाही. तिने दोन मणी उचलून तळहातावर तोलले.

आता नियमांचं. पाणी टबात वीतभरच, पण तेवढ्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे टबापाशी एक मोठं माणूस कायम, फोन खिशात. चार मुलांमागे एक मोठा, म्हणजे वीस मुलांना पाच, आणि सहावा फक्त पोरं मोजायला. धाकटी भावंडं मागे येतात, ती मणी तोंडात घालतात, त्यांना दुसरीकडे बसवा. रेती कधीही कोरडी चाळू द्यायची नाही, तिची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. चाळणं ओल्या रेतीचंच, आणि ते मोठ्यांनी. हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. संध्याकाळी टब रिकामे करून पालथे घाला, नाहीतर डासांची शिकवणी सुरू होईल.

संत्रानगरी:
ताई, मणी ही युक्ती फारच आवडली. पण मग मुलांना खोटं सांगितल्यासारखं नाही का होत? शेवटी "सोनं" म्हणून पितळ देणार.

बालवाडीताई:
खोटं सांगायचंच नाही. "हे पितळ आहे, सोनं याच्या दुपटीहून जड असतं, तेव्हा सोनं याहूनही आधी तळाला जाईल" असं सरळ सांगते. मुलांना काही फरक पडत नाही. पालकांनाच पडतो.

दगडधोंडे:
सहमत. शिवाय त्या रेतीत अभ्रकाच्या चकत्या निघतीलच. उन्हात सोन्यासारख्या चमकतात आणि दहा वेळा "सापडलं, सापडलं" अशी ओरड होईल. त्यांना ओरडू द्या आणि थाळी सावलीत न्यायला सांगा. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं, अभ्रकाचा झगमगाट विझतो. पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा मोठा तुकडा मिळाला तर तोही दाखवा. हातोडी मारली की त्याचा चुरा होतो, सोनं चपटं होतं. हातोडी अर्थात तुम्हीच मारायची.

इतवारीचा_सराफ:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या दुकानासमोरची धूळ आणि नालीतला गाळ नेणारे लोक मी लहानपणापासून बघतोय. विदर्भात सोनझारी म्हणतात, झारेकरी असंही ऐकाल. सोनाराच्या कानशीतून, पॉलिशमधून उडालेला कण पायाला चिकटून, झाडूने लोटला जाऊन शेवटी नालीत जातो. तो परत काढणं ही पिढीजात विद्या आहे. आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी उकिडव्या बसून लाकडाच्या उथळ काथवटीत गाळ धुतात. डावा हात कडेला, उजव्या हाताने पाणी ओढायचं, आणि काथवट एका लयीत पुढे-मागे. शेवटी पाण्याची एकच हलकी लाट अशी सोडतात की काळी रेती एका बाजूला पसरते आणि पिवळी रेघ मागे उरते. तुमच्या त्या व्हिडिओतल्या लोकांनी येऊन शिकावं असं काम.

बोलवायचं तर मात्र नीट बोलवा. नालीतला गाळ मुलांसमोर आणायचा नाही, स्वच्छ रेतीच द्यायची. पुढचं काम, म्हणजे पारा लावणं, ॲसिड, आटवणं, यातलं काहीही दाखवायचं नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते. आणि मानधन द्या, शाल-नारळावर भागवू नका. त्यांची सकाळची रोजी बुडते.

तर्री_पोहा:
सराफभाऊ, एक नंबर. पण त्या मावशी आल्या अन् सोसायटीतल्या बाया "नालीवाली आली" म्हणून नाक मुरडू लागल्या तर?

इतवारीचा_सराफ:
तसं होऊ शकतं. म्हणून आधी मोठ्यांना समजावून सांगा. पोरांचा काही प्रश्न नसतो.

बालवाडीताई:
पाहुण्यांना "शिक्षिका" म्हणून उभं करा. खुर्ची नको, त्या ज्या पाटावर बसतात तो पाट, आणि मुलंही जमिनीवर. आधी त्यांनी करून दाखवायचं, मग मुलांनी. "यांची गोष्ट ऐका" हा प्रकार नको, गोष्ट त्यांना सांगावीशी वाटली तर सांगतील.

संत्रानगरी:
ठरलं तर मग. नदी रद्द, नवऱ्याला कळवलं आहे, तो जरा खट्टू झाला. पहिल्या सकाळी पितळी आणि काचेचे मणी, दुसऱ्या सकाळी मावशी, त्यांना जमलं तर. सराफदादा, तुम्ही त्यांना आधी विचाराल का? नाही म्हणाल्या तर नाही, आग्रह नको. वेळ साडेनऊ ते साडेअकरा ठेवते, डिसेंबरात त्याआधी पाण्यात हात घालवत नाही.

थाळीचं अजून अडलंय. घमेलं चालेल का?

दगडधोंडे:
नवं असेल तर चालेल. मिस्त्रीकडचं जुनं नको, सिमेंटची पापुद्री सुटते आणि हातही सोलतात. त्यापेक्षा पसरट प्लॅस्टिकचं टोपलं बघा, कड तिरकी हवी, सरळ उभी नको. रंग काळा किंवा गडद हिरवा, पिवळा कण त्यावर उठून दिसतो. आतल्या एका बाजूला तीन-चार आडव्या खाचा असल्या तर सोन्याहून पिवळं, नवख्यांचे मणी त्यात अडकतात. आणि ज्या टबात धुणार त्याच्या तळाशी जुनी चादर अंथरा. निसटलेले मणी चादरीवर जमतात, दुसऱ्या दिवशी तीच रेती, तेच मणी. पाणी झाडांना टाका, सिंकमध्ये रेती गेली की प्लंबर बोलवावा लागेल.

इतवारीचा_सराफ:
मावशींना विचारलं. यायला तयार आहेत, फक्त काथवट स्वतःचीच आणणार म्हणाल्या, प्लॅस्टिकच्या टोपल्यात हात चालत नाही त्यांचा. रिक्षाचं भाडं वेगळं द्या.

संत्रानगरी:
नक्की देणार, आणि जेवणही आमच्याकडेच. रेती शनिवारी येतेय, धुवायला माणसं हवीत.

तर्री_पोहा:
मी येतो. पण एक टोपलं माझ्यासाठी बाजूला ठेवा, पोट्ट्यायचं झालं की मलेही पाहायचं आहे.