ॲक्युपंक्चर : सुयांनी दुखणं गेलं का? अनुभव लिहा

गोदाकाठची
भाचा ब्रह्मगिरीची फेरी करून आला आणि गुडघा धरून बसला. त्याला शेक देताना आईचा खांदा आठवला. एवढा आखडला होता की वेणी घालायला हात मागे जाईना. मामी तिला सुया टोचणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आधी एक्स-रे मागितला, मग आमच्यासमोर नवं पाकीट फोडलं. दुखतोय खांदा आणि सुई गुडघ्याखाली, नडगीच्या बाजूला! टोचल्याचं कळलंही नाही, पण थोड्या वेळाने आत जड-जड वाटायला लागलं. बाई म्हणाल्या, "हेच हवंय." सुई तिथेच ठेवून हात वर-खाली करायला लावला. हळूहळू हात मोकळा झाला. घरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायामही रोज होता, तोही धरायला हवा.
चांगले-वाईट दोन्ही अनुभव येऊ द्या.

निफाडकर
द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळायला, दिवसभर कात्री. अंगठ्याच्या मुळाशी असली कळ येते की चहाचा कप धरवत नाही. सुयांनी आराम पडतो. पुढच्या हंगामात परत तेच. हाताला विसावाच नाही तर सुई तरी काय करणार?

सिडको_आई
सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. टोचणाऱ्याने विचारलंच नाही, पोटरी काळीनिळी पडली. अशा गोळ्या, मधुमेह, सगळं आपणहून सांगा गं.

गोदाकाठची
अगं बाई! आता कसे आहेत?

सिडको_आई
बरे आहेत. आज मिसळ खायला गेलेत, डॉक्टरांना सांगू नका 😄

सोलापूरची_लेक
आमचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ना, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे तिकडे ही विद्या शिकून कोलकात्यात उपचार सुरू केले. आजोबा फार अभिमानाने सांगायचे.

रोजची_सायकल
मला काडीचा फरक पडला नाही. कंबर दुखायची, मग पाय बधिर व्हायला लागला. एमआरआयमध्ये चकती सरकलेली निघाली. बधिरपणा असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, कळकळीने सांगतोय.

मनू_नाशिक
डोकं दुखलं की अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दाबते, बरं वाटतं. वहिनीला दिवस गेलेत, तिला मात्र तो बिंदू दाबू नको म्हणाले. मळमळीला मनगटाच्या आतून तीन बोटं वर दाबायला सांगितलंय.
आणि ती धुमसती काडी कुणी घेतलीये का? मोक्सा. त्वचेपासून थोडी लांब धरतात, छान ऊब लागते. दवण्याच्या कुळातली वनस्पती असते. वास मात्र दिवसभर केसांत!

निफाडकर
आमच्याकडे निर्गुडीचा पाला गरम करून बांधतात.

सिडको_आई
दादा, निर्गुडी मिळेल का हो? इकडे कुठे दिसत नाही.

निफाडकर
बांधावर मोप आहे ताई. रविवारी नाशकात येतोय, घेऊन येतो.

मनू_नाशिक
मलापण 🙋‍♀️ द्राक्षं आणलीत तरी चालेल!