‘शाळा’: मुलांचा अभिनय इतका चांगला असूनही चित्रपट अपुरा का वाटतो?

प्रश्न

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मी अनेकदा वाचली आहे. तिच्यावरचा सुजय डहाके यांचा २०१२ साली प्रदर्शित झालेला चित्रपट काल पुन्हा पाहिला. अंशुमन जोशीचा नववीतला मुकुंद आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, केतकी माटेगावकरची शिरोडकर, यांच्यात कुठेही नाटकीपणा नाही. पुस्तक उघडे ठेवून मुलींच्या बाकांकडे सरकणारी नजर पाहताना तर मला माझाच नववीचा वर्ग आठवला. असे असूनही कादंबरी मिटताना जी हुरहुर लागते, ती लागली नाही. दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, बेताचा खर्च आणि नवखी मुले हे सगळे लक्षात घेतले, तरी उणीव नेमकी कुठे राहिली असावी?

प्रतिसाद १

माझ्या मते ती निवेदनात आहे. कादंबरी मुकुंद स्वतः सांगतो. शिरोडकर त्याच्याशी जेमतेम चार वाक्ये बोलते आणि तो मनातल्या मनात त्यांचा कीस काढत राहतो. मित्रांसमोर तोंडाने एक बोलतो, तेव्हा आत दुसरेच चाललेले असते. सुमारे तीनशे पानांचा हा ऐवज दोन तासांहून कमी वेळात बसवताना उरतो तो मुख्यतः बाहेरचा घटनाक्रम. गुणी मुलगा चेहऱ्यावर अस्वस्थता आणू शकतो, पण त्या अस्वस्थतेची मुकुंद स्वतःशी जी समजूत घालतो, ती चेहऱ्यावर कशी उमटणार?

प्रतिसाद २

मी कादंबरी वाचलेली नाही, तरीही मला चित्रपट तुटक वाटला. रूपांतरित पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे हे ठाऊक असूनही म्हणतो, की आणीबाणी, घर, शिक्षक, मुकुंदचा नरूमामा असे फार धागे त्यात आहेत. दिलीप प्रभावळकर, नंदू माधव, जितेंद्र जोशी येतात, रंग भरतात आणि आपण त्यांच्यात गुंततो न गुंततो तोच पुढचा प्रसंग सुरू होतो.

खर्चाचे कारण मला पटत नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटात मित्र चिन्मय या मुलाला भर पावसात किल्ल्यावर एकटा सोडून निघून जातात, तो प्रसंग आठवून पाहा. कॅमेरा त्या मुलाजवळ थांबतो, त्याला घाबरायला वेळ देतो, आणि मग मित्रांशी अबोला का धरला हे कोणी सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्ता

दोन्ही मुद्दे पटले. अर्धवट बांधलेल्या इमारतीत चौघे मित्र बसतात, तिथे मला निवेदनाची उणीव मुळीच जाणवली नव्हती, कारण त्यांचे नुसते एकत्र बसणेही पुरेसे बोलके आहे. नरूमामा माझा अतिशय आवडता आहे. तरीही त्याचे प्रसंग कमी करून इमारतीतल्या त्या संध्याकाळी अधिक वेळ दाखवल्या असत्या, तर मी तक्रार केली नसती.