मदत हवी आहे : ‘डार्क साइड ऑफ द मून’ची नवी रिमास्टर्ड रेकॉर्ड जुनीपेक्षा घुमते, ठेवू की परत करू?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. निर्णय शनिवारपर्यंत घ्यायचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. थोरल्या काकांनी कॉलेजात असताना घेतलेली पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ माझ्याकडे आहे, आणि मागच्या आठवड्यात त्याच अल्बमची १८० ग्रॅमची नवी रिमास्टर्ड प्रत मी पुण्याहून मागवली. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच टर्नटेबलवर लावून ऐकल्या. जुनीवर खरखर आहे, तरी बास कसा आवरलेला वाटतो. नवीवर खरखर जवळपास नाही. पण सुरुवातीचे हृदयाचे ठोके सुरू झाले की सगळी खोली घुमू लागते, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला स्त्रीस्वर वर चढला की चिरकतो. रेकॉर्डसाठी बरेच पैसे मोजले आहेत आणि विक्रेता शनिवारनंतर ती परत घेणार नाही. जुने आणि नवे यांपैकी कोणते मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्ड कापण्याआधी केलेली आवाजाची अंतिम जुळणी, चांगले, एवढेच कृपया सांगा.

टिळकवाडीचा श्रोता
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. हा अल्बम १९७३ साली आला आणि तेव्हापासून त्याची पुन्हा पुन्हा मास्टरिंग झाली आहेत. २००३ साली तिसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या रेकॉर्डचे काम डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी केले, तर २०१६ च्या आवृत्तीचे जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी. दोन्ही १८० ग्रॅमच्याच आहेत. तेव्हा वेष्टनावरचे साल पाहा, आणि शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेली अक्षरे जशीच्या तशी उतरवून इथे लिहा. त्याशिवाय टर्नटेबल कोणते, कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) कोणते, सुई किती वर्षांची आणि सुईचा दाब किती, हेही कळायला हवे.

शहापूरकर
नवी प्रत २०१६ ची आहे. जुनीच्या लेबलवर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, दमदम असे असून एसएचव्हीएल ८०४ हा क्रमांक आहे. टर्नटेबल दोन्हींसाठी एकच होते, हे मी वर लिहिले आहेच, त्यामुळे त्याचा इथे काय संबंध ते कळले नाही.

निपाणीकर
नवी परत करा आणि पैसे वाचवा. मूळ ध्वनिमुद्रणाची टेप ताजी असताना कापलेल्या खाचेची सर चाळीसहून अधिक वर्षांनी काढलेल्या प्रतीला येत नाही. १८० ग्रॅम ही जाहिरात आहे. जाड रेकॉर्ड सहज वाकत नाही हे खरे, परंतु आवाज खाचेत असतो, वजनात नव्हे. माझ्याकडच्या सत्तरच्या दशकातल्या दमदमच्या रेकॉर्डी आजही भरदार वाजतात आणि मी एकही रिमास्टर घेतलेला नाही.

मलप्रभाकाठ
निपाणीकर, जी रेकॉर्ड आपण ऐकलेलीच नाही तिच्याबद्दल इतके ठाम लिहू नये, असे मला मनापासून वाटते. आमच्या खानापूरच्या घरात याच अल्बमच्या दमदमच्या दोन प्रती आहेत. एक शांत वाजते आणि दुसरीवर पहिल्या मिनिटापासून पावसासारखी सर लागलेली असते, म्हणजे ‘जुने ते सोने’ हे एकाच कारखान्यातल्या दोन प्रतींनाही लागू पडत नाही. ‘रिमास्टर’ या एका शब्दाखाली तर फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. बीटल्सच्या २०१२ च्या स्टिरिओ रेकॉर्डी २४ बिटच्या डिजिटल प्रतींवरून कापल्या गेल्या आणि २०१४ च्या मोनो रेकॉर्डी थेट टेपवरून. ‘सार्जंट पेपर’ची २०१७ ची आवृत्ती तर रिमास्टर नसून रिमिक्स आहे, म्हणजे वाद्यांचे मूळ प्रमाणच नव्याने बसवलेले आहे. यातले चांगले कोणते हे रेकॉर्डगणिक ठरवावे लागते. सालावरून ते ठरत नाही.

निपाणीकर
डिजिटल आले की तपशील गेला, हे माझे मत मी बदलणार नाही. टेपवरून कापलेली म्हणून लोकांनी जपलेल्या महागड्या रेकॉर्डींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे २०२२ साली अमेरिकेत उघड झाले, तेव्हा केवढा गहजब झाला होता ते आठवा.

मलप्रभाकाठ
तो गहजब खरे न सांगितल्याबद्दल होता. त्या रेकॉर्डी वर्षानुवर्षे ऐकून ज्यांनी त्यांची वाखाणणी केली, त्यांना डिजिटल टप्पा कानाने ओळखता आला नव्हता, हीसुद्धा त्याच प्रकरणाची दुसरी बाजू आहे.

कॅम्पवासी
माझा सल्ला असा की त्यापेक्षा डायर स्ट्रेट्सची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ घ्यावी. १९८५ च्या मूळ रेकॉर्डवर जागेअभावी काही गाणी छोटी करावी लागली होती, ती नव्या दोन रेकॉर्डींच्या संचात पूर्ण लांबीची मिळतात. रिमास्टर घेण्याला याहून चांगले कारण मला माहीत नाही. लेड झेपेलिनच्या २०१४ पासूनच्या आवृत्त्यांत त्यांचे गिटारवादक जिमी पेज यांनी स्वतः लक्ष घातले आहे, त्याही ऐकण्यासारख्या आहेत.

शहापूरकर
आपण सर्वजण जाणकार आहात, परंतु माझी खोली का घुमते याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. आज गुरुवार आहे.

वडगावकर
मी रेकॉर्डींचा संग्राहक नाही. गेली पंचवीस वर्षे गणेशोत्सवात आणि लग्नकार्यांत ध्वनिव्यवस्था सांभाळतो, त्या अनुभवावरून तीन प्रश्न विचारतो. टर्नटेबल आणि स्पीकर कशावर ठेवले आहेत? खोलीची जमीन कशाची आहे? आणि दोन्ही रेकॉर्डी लावताना आवाजाचे बटण एकाच जागी होते का?

शहापूरकर
घर शहापुरातले जुने आहे, खोली माडीवर आहे आणि जमीन लाकडी तक्तपोशीची आहे. टर्नटेबल सागवानी कपाटावर असून दोन्ही स्पीकर त्याच कपाटावर, त्याच्या दोन बाजूंना आहेत. बटणाचे म्हणाल तर नव्या प्रतीचा आवाज जरा कमी येत होता, म्हणून नऊच्या जागेवरून अकरापर्यंत नेले होते. हे सांगण्यासारखे आहे असे वाटले नाही.

वडगावकर
सांगण्यासारखे हेच होते. मंडपात माइक स्पीकरच्या समोर आला की तो शिट्टी मारतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि हे चक्र थांबत नाही. रेकॉर्डवरची सुई हा हादरे टिपणारा माइकच आहे. तुमच्या स्पीकरचे हादरे कपाटाच्या फळीतून सुईपर्यंत पोचतात, आणि लाकडी जमीन त्यात भर घालते. बटण नऊवर असताना हे चक्र दबलेले होते. अकरावर नेताच ते जागे झाले. वरच्या पट्टीतल्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीतल्या आवाजाचे हादरे लाकडातून अधिक सहज जातात, म्हणून ते नेमके हृदयाच्या ठोक्यांवर लक्षात आले. एक परीक्षा करा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, बटण अकरावर न्या आणि कपाटावर बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. जे ऐकू येईल ते लिहा.

शहापूरकर
टिचकी मारताच दरवाजा ठोठावल्यासारखा आवाज स्पीकरमधून आला आणि तो लगेच विरण्याऐवजी ‘हूं’ असा वाढतच गेला. घाबरून बटण खाली आणावे लागले. रेकॉर्ड तर फिरतसुद्धा नव्हती. नंतर जुनी रेकॉर्ड ठेवून हेच केले, तर तिच्यावरही तसेच झाले.

टिळकवाडीचा श्रोता
म्हणजे घुमण्याचा दोष रेकॉर्डकडे नाही. स्त्रीस्वर चिरकण्याचे कारण मात्र वेगळे असावे. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला एका सेकंदात सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, तर लेबलजवळ जेमतेम २१ सेंटिमीटर. तोच आवाज अडीच पट आखूड खाचेत लिहिलेला असल्यामुळे तिथली वळणे बारीक आणि दाट होतात, आणि सुई झिजलेली असेल किंवा तिचा दाब कमी असेल तर ती ही वळणे धड पकडू शकत नाही. ‘द ग्रेट गिग’ पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे आणि त्यात क्लेअर टोरी यांचा स्वर पूर्ण ताकदीने चढतो, म्हणजे सगळ्यांत अवघड जागी सगळ्यांत अवघड आवाज. आता तरी कार्ट्रिज आणि दाब सांगा.

निपाणीकर
मग जुनी रेकॉर्ड त्याच जागी का चिरकत नाही? मूळ कापणीचा दर्जा यातच दिसतो.

टिळकवाडीचा श्रोता
तशीही शक्यता आहे, परंतु जुनी रेकॉर्ड हजार वेळा वाजून खाचेतले तीव्र स्वर झिजून बोथट झाले असतील, तर सुईला पकडण्यासारखे तिथे फारसे उरलेलेच नसते. चिरकत नाही म्हणजे चांगले आहे, असे त्यावरून ठरत नाही.

शहापूरकर
कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचे एटी-९५ई आहे आणि सुई मी कधीच बदललेली नाही. दाब मोजायला साधन नव्हते, म्हणून आमच्या सराफ गल्लीतल्या एका परिचित सराफांकडून सोने तोलण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि त्यावर सुई टेकवली. १.३ ग्रॅम भरले.

टिळकवाडीचा श्रोता
त्या कार्ट्रिजला २ ग्रॅम सांगितलेले आहेत. मागचे वजन किंचित पुढे फिरवून २ वर आणा. कमी दाबाने रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. खाचेत सैल नाचणारी सुईच खाचेच्या भिंती अधिक खरवडते. नवी सुईही मागवा, मात्र परवापर्यंत ती येणार नाही.

मलप्रभाकाठ
विषय निघालाच आहे तर विचारतो : खानापूरकडे जून ते सप्टेंबर रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरते, ती कशाने काढावी? वडिलांच्या कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डीही त्याच कपाटात आहेत.

टिळकवाडीचा श्रोता
डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचेच्या दिशेने. त्यांतली एखादी जुनी ७८ फेऱ्यांची लाखेची असेल तर तिला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

शहापूरकर
काल रात्री टर्नटेबल कपाटावरून काढून भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवले. पूर्वी तिथे आजीची पाण्याची भांडी असत. स्पीकर कपाटावरच आहेत. दाब २ ग्रॅम केला. आता टिचकी मारली की ‘टक्’ एवढेच ऐकू येते आणि लगेच थांबते. वडगावकरांच्या बटणाच्या प्रश्नावरून एक गोष्ट उमगली, म्हणून मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने दोन्ही रेकॉर्डींचा आवाज आधी सारखा करून घेतला, आणि मी पाठमोरा बसून पुतणीला कोणती लावतेस ते न सांगता लावायला सांगितले. खरखर ऐकू येताच जुनी ओळखू येत होती, त्यामुळे ही परीक्षा पूर्ण निःपक्षपाती झाली असे म्हणणार नाही. तरीही ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळे नवीवर एकेक करून वेगळी ऐकू येतात, जुनीवर तो एकत्र गलका होता. हृदयाचे ठोके आता जमिनीत न उतरता समोर पडतात. स्त्रीस्वर अजून टोकाला किंचित फाटतो, त्यासाठी सुई मागवली आहे. ‘अस अँड देम’मधला डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन मात्र मला जुनीवरच अधिक ऊबदार वाटला, आणि तो तसा का वाटला हे मला सांगता येत नाही. विक्रेत्याला नवी रेकॉर्ड ठेवत असल्याचे कळवले आहे.

निपाणीकर
सॅक्सोफोनबद्दल जे लिहिलेत तेच मी पहिल्यापासून सांगत आहे. जुनी विकणार असाल तर मी निपाणीहून येऊन घेऊन जाईन.

शहापूरकर
विकणार नाही. लेबलवर काकांनी निळ्या शाईने नाव आणि तारीख घातलेली आहे. ऐकायला मात्र अवश्य या, दोन्ही लावू.

वडगावकर
ती फळी पश्चिमेच्या भिंतीत असेल तर मृगाआधी टर्नटेबल तिथून हलवा. शहापुरातल्या जुन्या भिंतींना पावसाळ्यात आतून ओल येते, आणि कडप्पा थंड असल्यामुळे पाणी आधी त्याच्यावर धरते.