जुनी रॅम टाकून देण्याआधी वॉरंटी तपासा

आठ वर्षं जुनी, बिघडलेली डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम कोण बदलून देणार, सरळ नवीन घ्या, असा सल्ला बरेच जण देतात. मला ते अजिबात पटत नाही. रॅमवर बऱ्याच कंपन्या 'लाइफटाइम' वॉरंटी देतात. काही ठिकाणी ती दहा वर्षांपुरती असते, त्यामुळे अटी आधी वाचा.

माझा पीसी गेल्या वर्षी सारखा निळा स्क्रीन दाखवून बंद पडायचा. रॅमच्या दोन कांड्या होत्या, ४ जीबीच्या. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सोय, बंद केलं, कांड्यांची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसली, मग एकेक कांडी एकाच स्लॉटमध्ये लावून रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. एक निर्दोष निघाली. दुसरीवर पहिल्याच फेरीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळींची रांग लागली! त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, सर्व्हिस सेंटरला दाखवायला कामी येतो. स्लॉट मात्र तोच ठेवा, नाहीतर दोष रॅमचा की मदरबोर्डचा हे कळत नाही.

दुकानदाराने 'आता काही होत नाही' म्हणून हात वर केले. मी कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून थेट तक्रार नोंदवली. बिल सापडलं नव्हतं, तरी नंबरावरून काम झालं. म्हणून रॅमवरचं सिरीयल नंबर असलेलं ते पांढरं स्टिकर कृपा करून काढू नका, अगदी अर्धवट सोललेलं असलं तरी. जोडी म्हणून घेतली असेल तर दोन्ही कांड्या मागतात. माझ्याही मागितल्या, आणि तीन आठवड्यांनी दोन्ही बदलून आल्या.