मुलांचा पहिला कॅमेरा ड्रोन : कोल्हापूरकरांनी आपापले अनुभव लिहावेत

धागा काढणारा मामा

भाचा दहावी झाला. ताईनं निकालाआधीच कबूल केलं होतं, ऐंशीच्या वर पडले तर मागशील ते. पडले, आणि त्यानं कॅमेऱ्याचा ड्रोन मागितला. भाऊजींनी हात झटकले, "हे मामानं बघायचं." दुकानात विचारलं तर डब्यावरचंच वाचून दाखवतात. नेटवरची परीक्षणं बाहेरच्या देशांतली. तिथली किंमत वेगळी, वारा वेगळा, कायदा वेगळा. म्हणून कोल्हापुरात आणि आसपास ज्यांनी घरातल्या पोरासाठी ड्रोन घेतलाय, किंवा स्वतः शाळा-कॉलेजात असताना उडवलाय, त्यांनी लिहा. काय घेतलं, कुठं उडवलं, कशानं मोडलं, परत घ्यायचा झाला तर काय घ्याल. बजेट मुद्दाम सांगत नाही. आकडा सांगितला की सगळे त्या आकड्याचंच सुचवतात.

एक आई, राजारामपुरी

आमच्याकडं पहिला आला तो आत्याबाईंनी वाढदिवसाला दिलेला, डब्यावर मोठ्या अक्षरात 'फोर-के'. आहेर म्हटल्यावर बोलायची सोय नाही. व्हिडिओ बघितला तर आमच्याच गच्चीवरची पाण्याची टाकी ओळखू येईना. नंतर मुलानंच शोधून काढलं की आतला कॅमेरा लहानच असतो, अ‍ॅप चित्र ताणून मोठं करतं. त्यात जीपीएस नव्हतं. रिमोटची स्टिक सोडली की जागेवर थांबायचं सोडून वारा नेईल तिकडं जायचा. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा असाच गेला.

पण पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. ड्रोनचं तोंड आपल्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं, हे हाताला कळेपर्यंत तो आपटणारच. आमच्याकडं ते आपटणं स्वस्तात उरकलं.

लग्नाचं शूटिंग करणारा, शाहूपुरी

ताई, थोडं वेगळं सांगतो. स्वस्त ड्रोन शिकायला सोपा, महाग अवघड, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. जीपीएसवाला ड्रोन स्टिक सोडली की जागच्या जागी उभा राहतो, संपर्क तुटला तर निघालेल्या ठिकाणी परत येतो. खेळण्यातल्याला प्रत्येक क्षणी सावरावं लागतं. त्यावर हात बसला तर उत्तमच, पण बरीच पोरं कंटाळून डबा माळ्यावर टाकतात.

माझ्याकडं महिन्याला दोन-तीन पालक तरी विचारायला येतात, त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी वजन बघा, कॅमेरा नंतर. आपल्याकडं २०२१ चे ड्रोन नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही हौसेपुरता उडवला तर लागत नाही, पण त्यावर पैसे कमवायचे म्हटलं की लागतं, आणि ते काढायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत, दहावी पास हवी, मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण हवं. तुमच्या भाच्याला इतक्यात ते मिळणारच नाही. ती भानगडच नको, २५० च्या आतलाच बघा. थर्ड पार्टी विम्याची सक्तीही नॅनोला नाही. आणि वजन म्हणजे उडताना जेवढं भरतं तेवढं सगळं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला वरून पंख्याचे गार्ड बसवले की तो २५० च्या पार जातो.

दुसरं, पावती. ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. तरी बाजारात डीजेआय या चिनी कंपनीच्या मिनी मालिकेतले ड्रोन दिसतात, कारण चित्राला तोड नाही, तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा आधार, असतो आणि चालवायला सोपे. पण ते कुठल्या वाटेनं आले ते दुकानदार सांगत नाही आणि वॉरंटीचं नावही काढत नाही. दुबईहून येणाऱ्या पाहुण्याला बॅगेतून आणायला सांगणाऱ्यांनीही ऐका, विमानतळावर कस्टमवाले ठेवून घेतात. मग पाहुणाही नाराज, भाचाही नाराज.

तिसरं, एका बॅटरीवर कधीच घेऊ नका. डब्यावर तीस मिनिटं लिहिलेली असोत, वाऱ्यात आणि परत यायला चार्ज राखून धरला तर हातात वीसच्या आसपास राहतात. पोरगं माळावर जाऊन वीस मिनिटांत परत येत नसतं.

ऊसवाले काका, कागल तालुका

आमच्या धाकट्यानं घेतलाय, तो शाहूपुरीवाले भाऊ म्हणत्यात त्या डीजेआय मिनीतलाच. चित्र लई भारी येतंय, काय शंका न्हाई. पण एक गोष्ट शहरातली माणसं सांगणार न्हाईत. ड्रोन उसात पडला की संपलं. ऊस डोक्याच्या वर, पाल्यानं अंग कापतंय, आत दहा पावलं गेलं की आपण कुठं हाय ते कळत न्हाई, ड्रोन कुठनं सापडायचा? आमचा पडला तवा पोरगं रडायला आलतं.

सापडला तो अ‍ॅपमुळं. शेवटची जागा नकाशावर दिसत हुती आणि बॅटरीत जीव हुता म्हणून त्यातनं आवाज काढायची सोय चालली. संध्याकाळी गार झाल्यावर पंपाची मोटार बंद करून कान दिऊन ऐकलं, तवा पिकपिक ऐकू आलं. तवा घेताना विचारा, 'हरवला तर वाजतोय का?' वाजत नसंल तर आमच्या बाजूला आणू नका. आणि उडवायचा तर ऊस तोडून गेलेल्या रानात.

वारा म्हणाल तर पोराला येवढंच शिकवलंय, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीत घे. उलटं केलं की जाताना पळतंय आणि येताना बॅटरी संपतीया.

विज्ञान शिकवणारी, शाळा शहरातलीच

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत टेलो नावाचा छोटा ड्रोन आहे. २०१८ चं मॉडेल, रायझ कंपनीचं, आत डीजेआयचं तंत्र. वजन ८० ग्रॅम, कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा, व्हिडिओ ७२०पी. कॅमेरा म्हणून सामान्यच. गिंबल नाही, कार्डाची खाच नाही, व्हिडिओ वायफायनं थेट मोबाइलमध्ये येतो आणि वायफाय अडखळलं की चित्रही अडखळतं. बाहेर वाऱ्यात तो टिकत नाही. तरीही शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही मी पाहिलेलं नाही, कारण तो स्क्रॅचमध्ये, म्हणजे मुलांच्या कोडिंगच्या भाषेत, पडद्यावरचे ठोकळे जोडून चालवता येतो. 'वर जा, ५० सेंटिमीटर पुढे, ९० अंश वळ' असा प्रोग्राम मुलं स्वतः लिहितात आणि तो तसा उडतो. आठवीतल्या एका मुलीनं वर्गाच्या चार कोपऱ्यांचे फोटो घेणारा प्रोग्राम केला, तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढं येऊन उभे राहिले.

असे ड्रोन खालच्या कॅमेऱ्यानं जमीन बघून स्थिर राहतात. गुळगुळीत, एकरंगी फरशीवर किंवा अंधुक उजेडात त्यांना जमीन वाचता येत नाही आणि ते भरकटतात. आम्ही फरशीवर नक्षीची सतरंजी अंथरतो. पंखा आधी बंद करायचा, हे फळ्यावर लिहून ठेवलंय.

नवा टेलो आता सहज मिळत नाही. जुना मिळाला तर बॅटऱ्या नीट बघून घ्या.

सकाळी रंकाळ्यावर फोटो काढणारा

मॅडमनी जमिनीचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. रंकाळ्यावर पाण्याच्या अगदी जवळून ड्रोन नेण्याची पोरांना भारी हौस. लाटा हलत्या, त्यात आकाशाचं प्रतिबिंब. खालच्या सेन्सरला वाटतं आपणच सरकतोय, की तो सावरायला जातो आणि खाली बसतो. पाण्यापासून चांगलं उंच ठेवा. घारींचंही तसंच. घिरट्या घालणारी घार जवळ आली तर भराभर वर चढवा, कारण ती झडप वरून खाली मारते. विणीच्या दिवसांत मात्र तिथं उडवूच नका. पक्ष्यांचा तलाव आहे, आपला नाही.

धागा काढणारा मामा

मधेच एक शंका. विमानतळ उजळाईवाडीला. मग शहरात उडवता येतो का?

लग्नाचं शूटिंग करणारा, शाहूपुरी

मुद्द्याचं विचारलंत. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत पिवळा पट्टा. तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे परवानगी नको, त्यापलीकडं ४०० फुटांपर्यंत हिरवा. लाल पट्टा वेगळा, तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्यावर बोट ठेवून बघा. राजारामपुरी, विद्यापीठ, सागरमाळ, उचगाव, गोकुळ शिरगाव सगळं आठच्या आत येतं. ड्रोन विकणारा हे सांगत नाही. आम्हाला शहरातल्या लग्नात ड्रोन हवा म्हणणाऱ्या यजमानांना हेच समजावत बसावं लागतं.

मग पोरं म्हणतात, पन्हाळ्यावर जाऊ. अंतराच्या हिशेबानं पन्हाळा लांब आहे, पण गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यातला एक. परवानगीशिवाय तिथं ड्रोन काढला की पहारेकरी येतोच. राधानगरी-दाजीपूरला वनखातं आहे. जोतिबाच्या यात्रेत गुलालाचं वरून चित्र घ्यावं असं प्रत्येकाला वाटतं, पण खाली माणसांचा समुद्र असताना वर नवशिक्याचा ड्रोन नको. शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉल सामना असतो तेव्हाही हेच. शांत माळ, मोकळं रान, मालकाला विचारून. पहिलं वर्ष एवढंच.

गच्चीवर पापड वाळत घालणारी आजी (नातीकडून लिहून घेतलंय)

अपार्टमेंटच्या गच्चीवरून उडवणाऱ्या पोरांनो, दुसऱ्याच्या गच्चीवर बायका काय करत असतात ते तुमच्या मोबाइलात दिसतं हे आम्हाला पण कळतं. विचारून उडवा. विचारलं तर आम्ही हात हलवू.

डिप्लोमाची विद्यार्थिनी, वय १७

सगळे पालक बोलताय, म्हणून पोरांच्या बाजूनं लिहिते.

मी आधी सिम्युलेटर केला. घरच्या कॉम्प्युटरला गेमचा कंट्रोलर जोडला, लिफ्टऑफ नावाचा ड्रोन उडवायचा गेम घेतला आणि त्यातच झाडांना, भिंतींना मनसोक्त धडकले. भाऊ थेट खऱ्यावर बसला. आता घरात कोण कुणाला शिकवतं ते सांगत नाही.

नंतर ड्रोना एव्हिएशनचा प्लुटो घेतला, आपल्याकडचाच, सुटे भाग जोडून उभा करायचा. मोटर कुठली, बोर्ड कुठला, पंखा उलटा बसला तर काय होतं हे तिथंच कळलं. चार पंख्यांतले दोन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे. त्यांवर खुणा असतात. अदलाबदल झाली की ड्रोन उडायच्या जागी कोलांटी मारतो. मामा, भाच्याला व्हिडिओच करायचे असतील तर हा घेऊ नका, त्याचं मन रमणार नाही. त्याला उघडून बघायची सवय असेल तर मात्र हाच घ्या. घरातला मिक्सर त्यानं कधी खोललाय का, ते ताईंना विचारा, म्हणजे कळेल.

बॅटरीचं सगळे विसरतात. ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरून आठवडाभर ठेवायची नाही. पूर्ण भरल्यावर एका सेलला ४.२ व्होल्ट असतात, ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास. उडवून आल्या आल्या गरम असताना चार्जिंगला लावायची नाही. रात्री उशाला चार्जिंग तर अजिबात नाही.

उद्यमनगरातला बाप

आमचं लेथचं काम. पोराचा ड्रोन कारखान्यातच मोडला आणि तिथंच दुरुस्त झाला, म्हणून दोन ओळी. स्वस्तातल्यांच्या मोटरी ब्रशवाल्या असतात, ब्रश झिजला की एक मोटर मंद पडते आणि ड्रोन एका अंगाला कलतो. मोटर बदलायची म्हणजे डाग द्यायचा. ब्रशलेस मोटर टिकते, म्हणून तीच मागा. तिलाही लोखंडाचा कीस लागू देऊ नका, आतल्या चुंबकाला चिकटतो आणि घासतो. आमच्याकडं तेच झालं. घ्यायच्या आधी दुकानदाराला पंख्याचे दोन जादा सेट आणि ड्रोनचा एक सुटा हात दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर मोडल्यावरही नाहीच म्हणणार.

धागा काढणारा मामा

ताईला विचारलं. मिक्सर नाही, पण पाण्याची मोटर खोलली होती आणि दोन दिवस टँकर मागवावा लागला होता. त्यामुळं भाचा डिप्लोमावाल्या ताईच्या बाजूचा निघाला. पण व्हिडिओही पाहिजेतच म्हणतो. सध्या असं ठरवलंय : सिम्युलेटर लगेच, टेलो जुना चांगला मिळाला तर घरात शिकायला, आणि बाहेर उडवायचा २५० च्या आतला, ब्रशलेस, हरवला तर वाजणारा, दिवाळीला, पावसाळा संपल्यावर. पावती मिळाली तरच. एका ओळखीच्याकडं टेलो आहे, तीन बॅटऱ्यांसह देतो म्हणतोय. जाऊन काय बघू?

विज्ञान शिकवणारी

बॅटरी काढून टेबलावर सपाट ठेवा. डुलली तर फुगलेली आहे, ती घेऊ नका. उरलेल्या एकेक घालून ड्रोन छातीच्या उंचीवर नुसता उभा ठेवा आणि घड्याळ लावा. कंपनी १३ मिनिटं सांगते. नऊ-दहा मिनिटं निघाली तरी चालेल, पाचातच खाली आला तर त्या बॅटरीचे पैसे धरू नका. पंखे हातानं फिरवून बघा, चारही सारखे सैल फिरले पाहिजेत. आणि पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडा आहे का ते उजेडाकडं धरून बघा.

ऊसवाले काका, कागल तालुका

दिवाळीनंतर आमच्याकडं तोड सुरू हुतीया. रान मोकळं झालं की पोराला घेऊन या, फोन करा म्हंजे झालं.