रेफ्रीला उलट बोलणाऱ्या कोचला लगेच कार्ड, की आधी समज?

गोलरेषा: कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची खच्चून भरलेली गॅलरी असो की पाच-पन्नास प्रेक्षकांचा शालेय सामना, बेंचवरून आलेला पहिला शेरा रेफ्रीने कानाआड करू नये असं माझं ठाम मत आहे. फुटबॉलमध्ये २०१९ पासून कोचलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. ‘कसला फाउल हो?’ यावर समज. हातवारे करत ‘कार्ड द्या, कार्ड द्या’चा धोशा लावला तर पिवळं. ‘किती घेतलेत?’ हा सरळ प्रामाणिकपणावर घाव आहे, त्याला लालच. कोण बोललं ते कळलं नाही तर टेक्निकल एरियातल्या (बेंचसमोरच्या आखलेल्या जागेतल्या) वरिष्ठ कोचला कार्ड. हे एकदा झालं की पुढे कोच स्वतःच आपला बेंच गप्प बसवतो.

डावा विंगर: लालबद्दल वाद नाही. पण दहाव्या मिनिटाला किरकोळ बोलण्यावर पिवळं काढलं की तेच माप ८५व्या मिनिटाला पेनल्टीच्या गोंधळातही लावावं लागतं. तिथे रेफ्री कचरतो आणि दोन्ही संघांचा विश्वास उडतो. शिवाय बरीच कुरबुर रेफ्री लांब असल्यामुळे होते. चाळीस मीटरवरून शिट्टी मारली तर बरोबर निर्णयही पटत नाही. आधी जागेवर पोहोचा, खूण ठळक करा, कॅप्टनला एका वाक्यात कारण सांगा. युरो २०२४मध्ये रेफ्रीशी फक्त कॅप्टननेच बोलायचं अशी पद्धत होती. गोलकीपर कॅप्टन असेल तर मैदानातला दुसरा एक खेळाडू आधी ठरवायचा. आपल्याकडे टॉसच्या वेळी हे सांगायला कुणाची हरकत आहे?

गोलरेषा: कॅप्टनचा मुद्दा मान्य, पण तो बेंचला आवरू शकत नाही. समज द्यायची तर चेंडू बाहेर गेल्यावर खेळ थांबवून ठेवा, टचलाइनपर्यंत चालत जा, आवाज न चढवता एकच वाक्य बोला आणि मागे फिरा. उत्तर ऐकायला थांबलात की वाद सुरू झालाच. धावता धावता नुसतं बोट दाखवलं तर ती समज कुणाच्या लक्षातही येत नाही, मग पुढचं कार्ड अन्याय वाटतं.

थ्रोइन: खेळाडूंसाठी सिन-बिन, म्हणजे ठरावीक वेळ मैदानाबाहेर बसवणं, का नको? स्थानिक आणि युवा फुटबॉलमध्ये नियम त्याला परवानगी देतो. उलट बोलला की ९० मिनिटांच्या सामन्यात १० मिनिटं बाहेर, बदली खेळाडूही नाही. नुसत्या पिवळ्या कार्डाचं संघाला त्या क्षणी काहीच वाटत नाही.

डावा विंगर: ती १० मिनिटं मोजणार कोण? जिल्ह्याच्या सामन्याला अनेकदा मैदानाबाहेरचा चौथा पंच नसतो. आणि स्पर्धेच्या नियमावलीत आधी लिहिलेलं नसेल तर रेफ्रीला ते मनाने लावताच येत नाही.

गोलरेषा: मग निदान अहवाल तरी नीट लिहा. ‘अपशब्द वापरले’ एवढ्यावर शिस्त समिती काय करणार? शब्द जसेच्या तसे, मिनिट, कुणाला उद्देशून, आधी समज दिली होती का, हे सगळं मध्यंतरातच टिपून ठेवायचं. सामना संपल्यावर ड्रेसिंग रूमबाहेर गराडा पडला की नेमके शब्द आठवत नाहीत, आणि अशाच अहवालावर कोच पुढच्याच सामन्याला पुन्हा बेंचवर दिसतो.