शंभर दिवस आणि म्हणे नुसत्या स्थगित्या! (मार्च 2020)

कोथरूडकर : कालपासून एक पोस्ट फिरतेय, 'ठाकरेंच्या महाविकास आघाडी सरकारने शंभर दिवसांत स्थगितीपलीकडे काय केलं?' राहवत नाही म्हणून लिहितोय. 28 नोव्हेंबर 2019ला शपथ, डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा, 24 फेब्रुवारीला पहिली यादी. 2017च्या माफीत आमच्या मामांनी ऑनलाइन अर्जापायी सायबर कॅफेत तीन दिवस घालवले, मामीला सोबत नेऊन. यंदा एकदा अंगठा लावला, पावती हातात.

पेठेतला : आणि महिनाभर सहा मंत्र्यांवर राज्य हाकलं, ते? खातेवाटप होईना, पण मुंबईतल्या आरेच्या मेट्रो कारशेडला शपथेच्या दुसऱ्याच दिवशी स्थगिती!

शिरूरचा : मामांनी थकवलं म्हणून माफ झालं. माझ्या वडिलांनी 2018च्या दुष्काळात दुभती म्हैस विकून सोसायटीचं पीककर्ज फेडलं. 30 सप्टेंबर 2019ला थकबाकी नाही, म्हणून यादीत नाव नाही. दावणीचा खुंटा अजून रिकामा आहे.

कोथरूडकर : 'थकवलं' हा शब्द मागे घ्या. डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, कुठून भरणार होते? आणि नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत द्यायचं परवाच्या अर्थसंकल्पात आलंय.

शिरूरचा : खात्यात पडू देत, मग बोला. बाग आमचीही गेली होती. आईने आठवडाभर वडिलांशी अबोला धरला होता त्या म्हशीपायी. ज्याने शब्द पाळला त्याचा नंबर शेवटी, हे 2017लाही तसंच होतं, आताही तसंच.

हडपसरवाला : कर्जमाफीवरून भांडताय, सरकारच्या शिवभोजन थाळीचं कुणीच बोलत नाही. माझे काका हमाली करतात. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गरम असतं, चव घरच्यासारखी. पण केंद्र दोनला बंद, त्यांची गाडी खाली होते अडीचला. तीनदा उपाशी परतले.

पेठेतला : तीस ग्रॅमच्या दोन चपात्यांत हमालाचं पोट भरतं का?

हडपसरवाला : नाही भरत. पण आधी वडापाव खाऊन पोती उचलायचे, ते मी पाहिलंय. तुम्ही कधी पोतं उचललंय का?

पेठेतला : वैयक्तिक जाऊ नका. थाळी चांगली, मान्य. वेळ वाढवा म्हणावं.

कोथरूडकर : शिरूरकर, 'थकवलं' अजून मागे घेतलं नाहीत.

शिरूरचा : मामांपुरतं घेतो. नियमापुरतं नाही.